तिसरा पत्ता

१

खुर्ची उलटली होती, आणि बाई खुर्चीवरून घसरली तशीच एका कुशीवर जमिनीवर पडलेली होती. कोणीतरी तिच्या डोक्याखाली घडी घातलेला स्वेटर सरकवला होता. त्याचा आता काही उपयोग नव्हता, पण तो काढून घ्यायला कोणाचा हात धजत नव्हता.

मॅडम दारातच थांबल्या. तपासाच्या कामात केस पिकवल्यावर त्यांना एक सवय लागली होती. आधी मेलेल्या माणसाकडं बघायचं नाही, जिवंत माणसं कशाकडं बघायचं टाळताहेत ते बघायचं.

खोलीत तिघं होती. मेलेल्या बाईचा नवरा खिडकीशी उभा होता. भाऊ जमिनीवर बसला होता आणि त्यानं तिच्या पायाचा घोटा मुठीत धरून ठेवला होता. एक किडकिडीत तरुण मुलगी भिंतीला टेकून, तोंडावर ओढणी दाबून रडत होती. तिघांपैकी एकही जण टेबलावरच्या काळ्या कपाकडं बघत नव्हता.

टेबलावर एक खेळ मांडलेला होता. पुठ्ठ्याचा तुरुंग, मधोमध अंगण, चार रंगीत लाकडी सोंगट्या, आणि कडेनं पत्त्यांच्या रांगा. काही पत्ते उलटलेले, काही अजून पालथे.

"हा कप कोणाचा?" मॅडमनी विचारलं.

"माझा," नवरा म्हणाला.

"आणि यातलं प्यायलं कोण?"

त्यानं मानेनंच जमिनीकडं दाखवलं.

"तुमचा कप त्यांच्या हातात कसा गेला?"

भिंतीशी उभ्या मुलीनं ओढणी तोंडावरून काढली.

"यांनीच दिला," ती म्हणाली. "खेळात पकडली गेली म्हणून दंड. एका दमात पी म्हणाले. माझ्यासमोर."

२

ती जागा म्हणजे एक लहानसा कारखाना होता. खाली छपाई आणि पुठ्ठा कापायची यंत्रं, वर खेळ रचायची ही खोली. पटावरचे खेळ इथं जन्माला यायचे, तपासले जायचे आणि खोक्यात बसून बाजारात जायचे. खोक्यावर नाव एकट्या नवऱ्याचं. त्याला सगळे 'मालक' म्हणत. मेलेली बाई सगळ्यांची 'ताई', हिशेबापासून खोकी चिकटवण्यापर्यंत सगळं तीच बघायची. ती किडकिडीत मुलगी चित्रं काढायची. तिला सगळे 'पेन्सिल' म्हणत, आणि तिला बघितल्यावर का ते विचारावं लागत नसे. ताईचा धाकटा भाऊ खेळांचे नियम रचायचा. वादावादी झाली की "पण नियम काय सांगतो?" असं म्हणायची त्याला खोड होती, म्हणून त्याचं नावच 'नियम' पडलं होतं.

मॅडमनी त्याला आधी बोलावलं, कारण घटना घडली तेव्हा खोलीबाहेर असलेला तो एकटाच होता.

"पत्ते मांडले आणि मी खाली गेलो," तो म्हणाला. डोळे सुजले होते, पण आवाज सरळ होता. "खोक्याचा नमुना छापून झाला होता, तो बघायला. वर आलो तेव्हा..."

"खेळ चालू असताना उठून गेलात?"

"या खेळात चालतं. खरं तर यातली गंमतच ती आहे."

"समजावून सांगा. मला पटावरचं काही कळत नाही."

तो जरा सावरून बसला. कामाबद्दल बोलताना माणसाला आधार मिळतो.

"बाकीच्या खेळांत तुम्ही एक चाल करता, समोरचा एक करतो, मग तुम्ही पुढचा विचार करता. इथं सगळा विचार आधीच करायचा. तीन कैदी असतात, एक पहारेकरी. प्रत्येक कैद्यानं पाच पत्ते एका ओळीत पालथे मांडायचे. थांब, लप, धाव असे पत्ते असतात, धावच्या पत्त्यावर दिशेचा बाण असतो. एकदा मांडले की हात लावायचा नाही. मग सगळ्यांचा पहिला पत्ता उलटायचा, त्याप्रमाणं सोंगट्या हलवायच्या. मग दुसरा. तुम्ही नसलात तरी तुमचे पत्ते दुसरा कोणी उलटू शकतो. पहारेकऱ्याला मात्र पत्ते नसतात. तो बघून बघून चालतो. उघड्यावर दिसलात की धरतो."

"म्हणजे मधे काही बदललं तरी माझा पत्ता तोच राहणार?"

"तोच. म्हणून समोरचा काय करणार हे आधी ओळखायचं. ओळखलंत तर सुटलात. नाहीतर तुमचाच पत्ता तुमच्या अंगावर येतो."

"पहारेकरी कोण होतं?"

"भाऊजी. दरवेळी तेच. दुसऱ्या कोणाला तो मान मिळत नाही." त्यानं ओठ आवळले. "दोन पत्ते झाले की जरा थांबायचं असा नियम आहे. श्वास घ्यायला. तेव्हा ते कॉफी पितात. कडू, काळी, पार गार झालेली. तोवर कप बशीखाली झाकून खिडकीत ठेवलेला असतो. तिथं कोणीही जाऊ-येऊ शकतं."

"आणि दंड?"

"तो माझा नियम नाही," तो एकदम म्हणाला. "तो त्यांचा. मॅडम, ताईच्या बाह्या वर करून बघितल्यात का तुम्ही? एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या का घालायची ती, हे कोणी विचारलंय का त्यांना?"

मॅडमनी विचारलेलं नव्हतं. पण शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आलाच. कॉफीत विष होतं, खालच्या यंत्रांचे रूळ धुवायला ठेवलेल्या बाटलीतलं. आणि बाईच्या दोन्ही दंडांवर मार होता. जुना, त्यावर नवा, आणि त्यावर आणखी नवा.

३

"हो, हात उचलायचो मी," मालक म्हणाला. "कोणाच्या घरात होत नाही? पण विष? ते विष माझ्यासाठी होतं! एवढं कसं कळत नाही तुम्हाला? कप माझा होता!"

"आणि तो तुम्ही बायकोला दिलात."

"गंमत म्हणून! दुसऱ्याच पत्त्याला सापडली. मी समोर उभा असताना अंगणातून धावत निघाली, वेड्यासारखी. तिला कधी खेळता आलंच नाही. म्हटलं, घे, भोग. तोंड वाकडं केलं तिनं, मला हसू आलं..." तो थांबला. आपण काय बोलतोय हे त्याच्या कानांवर बहुतेक आत्ताच पडलं.

"याआधी असा दंड दिला होता?"

"कधी पाणी आणायला लावायचो, कधी कान धरायला. जे सुचेल ते."

"म्हणजे कॉफी द्यायची हे आधी ठरलेलं नव्हतं?"

"नाही ना! तेच सांगतोय!"

"हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकेल?"

मालकानं खुर्ची मागं ढकलली.

तो बाहेर गेल्यावर मॅडमचा सहायक म्हणाला, "उघड आहे की मॅडम. कप त्याचा, हात त्याचा, मार त्याचा. बायकोला मारणारा प्रत्येक जण असंच काहीतरी म्हणतो. उचलायचा का?"

"मूर्ख असता तर लगेच उचलला असता," मॅडम म्हणाल्या. "हा दुष्ट आहे, पण मूर्ख नाही. बायकोला विष द्यायचं असतं तर स्वतःच्या कपातून, साक्षीदारासमोर कशाला देईल? रोज एकाच स्वयंपाकघरातलं खायची दोघं."

"पण मग विष याच्यासाठी होतं असं म्हणायचं, तर टाकलं कोणी? खोलीत होती फक्त बायको आणि ती पेन्सिल. मेहुणा खाली."

"विष टाकायला हजर कशाला राहायला पाहिजे? कॉफी खेळाच्या कितीतरी आधी करून ठेवलेली."

"केली कोणी?"

मॅडमनी उत्तर द्यायच्या आत खालून हाक आली. मागच्या जिन्यावर ठेवलेल्या शिपायानं पेन्सिलला अडवलं होतं. तिच्या हातात एक फुगलेली कापडी पिशवी होती, आणि पिशवीत तिच्या अंगाला कधीच बसणार नाहीत असे कपडे होते.

४

"माझेच आहेत," पेन्सिल म्हणाली.

मॅडमनी त्यातला एक कुडता उचलून तिच्या खांद्यांना लावला. त्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. बाह्या मनगटापर्यंत होत्या.

"ताईचे आहेत," मॅडम म्हणाल्या. "मालक सांगतात, कॉफी तूच केली होतीस. आणि आता तिचे कपडे लपवून नेतेयस. माझ्या जागी तू असतीस तर काय समजली असतीस?"

पेन्सिल खाली बसली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"ती जाणार होती," ती शेवटी म्हणाली. "पुढच्याच आठवड्यात. दुसऱ्या शहरात खोली बघून ठेवली होती. माझ्या मावशीच्या ओळखीनं एका छापखान्यात कामही मिळालं होतं. रोज एकेक कपडा आणून माझ्या टेबलाखाली ठेवायची. घरातून एकदम काही हललेलं दिसायला नको म्हणून. आता हे मालकांच्या हाती पडलं असतं तर मेल्यावरही तिची निंदाच केली असती त्यांनी. ते मला नको होतं. एवढंच."

"तिच्या भावाला ठाऊक होतं?"

"नाही. त्याला सांगायचं नाही असं मला बजावलं होतं तिनं. म्हणायची, पोचल्यावर कळवू, आधी नको. तो डोक्यात राख घालून घेईल आणि काहीतरी करून बसेल."

मॅडमनी कुडता घडी करून पिशवीत परत ठेवला. मग म्हणाल्या, "चल, तो खेळ मला दाखव. दुपारी होता तसा."

वरच्या खोलीत कशालाही हात लागला नव्हता. पेन्सिलनं एकेक गोष्ट दाखवली. काळी सोंगटी पहारेकऱ्याची, अंगणात मधोमध. निळी ताईची, पकडली गेल्यामुळं परत तिच्या कोठडीत. पिवळी पेन्सिलची. हिरवी नियमची, निळीच्या शेजारच्या कोठडीत. प्रत्येक कैद्याचे दोन पत्ते उलटलेले होते, तीन पालथे.

"नियम कसा खेळतो?"

"त्याच्याशी खेळणं म्हणजे भुताशी खेळणं. कुठं आहे पत्ताच लागत नाही. हे बघा ना, पहिला पत्ता 'लप', दुसरा 'थांब'. मालक बरोबर दुसऱ्या बाजूला फिरले होते तेव्हा. त्यांची पाठ कुठल्या क्षणी कुठं असेल हे त्यानं आधीच ओळखलेलं."

मॅडमनी पिवळीचे उरलेले पत्ते उलटले. लप, लप, थांब. मग निळीचे. थांब, धाव, लप. मग हिरवीचा तिसरा पत्ता उलटला.

त्यावर दोन हात काढले होते, एकमेकांत गुंफलेले.

"हा कुठला?"

पेन्सिल पुढं झुकली. "हा 'सोबत'चा. शेजारच्या कैद्याला बरोबर घेऊन अंगणात उतरायचं. पण... हा कसा मांडला त्यानं? हा पत्ता आम्ही काढूनच टाकणार होतो. कोणी खेळतच नाही. दोघं उघड्यावर येतात, पहारेकरी दोघांनाही धरतो. हा पत्ता नुसता वाया जातो असं तोच म्हणत होता."

"कधी वाया जात नाही?"

"पहारेकरी नसेल तर," पेन्सिल सहज म्हणाली.

मॅडमनी चौथा पत्ता उलटला. धाव. पाचवा. धाव. दोन्ही पत्त्यांची दिशा एकच होती. अंगणाच्या मधून, काळ्या सोंगटीच्या अंगावरून, थेट फाटकाकडं.

पेन्सिलचा हात हळूहळू तोंडाकडं गेला.

५

नियमला त्याच टेबलापाशी बसवलं. पत्ते मॅडमनी पुन्हा पालथे करून ठेवले होते. सहायक दाराशी उभा राहिला.

"भाऊजींना अटक झाली?" त्यानं बसल्या बसल्या विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं, व्हावी?"

"कप त्यांनी दिला. सगळ्यांसमोर दिला. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"तुमचे पत्ते बघायचेत," मॅडम म्हणाल्या, आणि पहिला उलटला. लप. दुसरा. थांब. "छान आहेत. पेन्सिल म्हणते, पहारेकऱ्याच्या डोक्यात शिरून मांडल्यासारखे."

त्यानं पत्त्यांकडं बघितलं, मग मॅडमकडं. तिसरा उलटायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरायला लागला होता. बहुतेक आपण काय मांडून गेलो होतो, हे त्यालाही या क्षणापर्यंत आठवलं नव्हतं.

मॅडमनी तिसरा उलटला.

"चुकून पडला असेल," तो म्हणाला. "घाईत होतो. खाली जायचं होतं."

"घाईत असता तर पाचही पत्ते वेडेवाकडे पडले असते. पहिले दोन इतके विचार करून मांडलेत की पहारेकऱ्याला तुमचा मागमूस लागला नाही. ते दोन पत्ते लोक बघणार होते. तुम्ही नसताना उलटले जाणार होते, त्यात वावगं काही दिसायला नको होतं. त्यानंतर श्वास घ्यायचा थांबा. कॉफीचा थांबा. आणि त्याच्या पुढं तुमच्या डोक्यातला पहारेकरी नाहीसा झाला."

मॅडमनी उरलेले दोन्ही पत्तेही उलटले. धाव, धाव.

"मी आधी स्वतःला विचारलं, कोणीतरी मरणार आहे हे ज्याला ठाऊक होतं, त्याच्या लेखी कोण मरणार होतं? ते तुमच्याच पत्त्यांनी सांगितलं. तिसऱ्या पत्त्याला पहारेकरी उरलेला नाही, पण निळी सोंगटी जिवंत आहे. तिला हाताला धरून तुम्ही अंगणातून सरळ फाटकाकडं निघालात. ज्याला ताईला मारायचं होतं त्यानं हा पत्ता मांडला नसता. आणि ज्याला काहीच ठाऊक नव्हतं, त्यानंही मांडला नसता. कप खिडकीत होता. खाली रसायनाची बाटली होती. विष टाकून तुम्ही खाली निघून गेलात, कारण माणूस मरताना बघायचा तुम्हाला धीर नव्हता. म्हणूनच तो कप कोणाच्या हातात गेला, हे तुम्हाला दिसलं नाही."

खालच्या मजल्यावर कोणीतरी यंत्र बंद करायला विसरलं होतं. त्याची खटखट फरशीतून पायाला जाणवत होती.

"मी जिन्यावर होतो," नियम म्हणाला. "खुर्ची पडल्याचा आवाज ऐकला. मला वाटलं, झालं. जिन्यावर बसलो जरा. खरं सांगतो मॅडम, हलकं वाटलं. म्हटलं, ताई सुटली. मग वर गेलो."

त्यानं दोन्ही तळहात टेबलावर उघडे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिला.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"ती तर गेलीच. मग म्हटलं, निदान हा तरी फासावर जाऊ दे. नाहीतर तिच्या मरणाचं काय राहिलं? कप त्यानंच दिला ना? त्यानं हसत हसत दिला. खोटं काय होतं त्यात?"

मॅडमनी त्याला पेन्सिलनं सांगितलेलं सगळं सांगितलं. खोली, छापखान्यातलं काम, टेबलाखाली साठत गेलेले कपडे. सांगायलाच हवं होतं असं नव्हतं. पण खटल्यात ते निघणारच होतं, आणि परक्या वकिलाच्या तोंडून त्याला ते कळू नये असं त्यांना वाटलं.

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मधे एकदाही त्यानं डोळे उचलले नाहीत.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"तुम्ही काहीतरी करून बसाल, अशी भीती होती तिला."

त्यानं मान हलवली. लहान मूल समजूत पटल्यावर हलवतं, तशी. मग कपाळ टेबलाच्या कडेवर टेकलं आणि असा आवाज काढला, की दाराशी उभा सहायक बाहेर जाऊन उभा राहिला.

६

मालकाला सोडावं लागलं. मार खाणारी तक्रार करायला उरली नव्हती, आणि विषाशी त्याचा संबंध लागत नव्हता. जाताना तो मॅडमच्या टेबलाशी थांबला.

"तो पट मला कधी परत मिळेल? एकच नमुना आहे. छपाई अडून राहिलीय."

"बाहेर व्हा," मॅडम म्हणाल्या.

"मी नुसतं विचारलं."

"बाहेर व्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईची आणि नियमची आई आली. लांबून, रात्रभर प्रवास करून. साडी चुरगळलेली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. घाईत दारात मिळतील त्या घातलेल्या असणार. तिला कोणी काय आणि किती सांगितलंय, हे मॅडमना कळत नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढं केली. आई बसली नाही.

"दोघं इथंच आहेत?" तिनं विचारलं.

"मुलगी हॉस्पिटलमध्ये आहे. मागच्या इमारतीत. ओळख पटवून सही करावी लागेल तुम्हाला. मुलगा इथं, आत आहे."

"त्यानंच ना?"

मॅडमनी हो म्हटलं.

आईनं पदरानं चेहरा पुसला. रडली नव्हती, घाम होता. मग खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली आणि आतून एक डबा काढला. पुन्हा आत ठेवला. पुन्हा काढला.

"आधी कुणाकडं जाऊ?" ती म्हणाली. "तुम्ही सांगा. मला कळेनासं झालंय."

आयुष्यभर मॅडम लोकांना कुठं बसायचं, कधी बोलायचं, कुठं सही करायची ते सांगत आल्या होत्या. आत्ता त्यांनी नुसता पाण्याचा पेला पुढं सरकवला.

"त्यानं काही खाल्लंय?" आईनं विचारलं.

"नाही. कालपासून काही घेत नाहीये."

आई तशीच उभी राहिली, हातातला डबा पोटाशी धरून. मग मागच्या इमारतीच्या दिशेनं एकदा बघितलं.

"ती थांबेल," ती म्हणाली. "कायम तीच थांबत आलीय त्याच्यासाठी. चला, आधी त्याच्याकडं."

मॅडम चावी घेऊन पुढं झाल्या.